बार्शीहून गोव्याला जाताना : किनाऱ्याआधीचा गोवा

१/
बार्शीच्या भुसार बाजारात तुरीचा, ज्वारीचा लिलाव होतो. हमाल घमेल्याने धान्य सारखे करतात, आडत दुकानाची चावी मुनिमाच्या कमरेला असते आणि महिनाअखेर त्याच्या हाती पगार पडतो. लिलाव, घमेले, चावी, पगार हे चारही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत. बटाटा, कोबी, पाव, पिंप, काडतूस आणि तुरुंग हेही त्याच वाटेने आले. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही असा बार्शीकरही रोज समुद्रापलीकडचे हे शब्द वापरतो.

२/
हाच बार्शीकर दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात गोव्याला निघाला की मात्र परमुलखात चालल्यासारखा निघतो. कळंगुट, बागा, मांडवीवरील बोटीची फेरी, जुन्या गोव्याच्या चर्चपुढे एक छायाचित्र, मंगेशीचे धावते दर्शन आणि परतीचा रस्ता. महाविद्यालयाच्या ‘शैक्षणिक’ सहलींचा क्रमही याहून फारसा वेगळा नसतो. या थ्रेडचे म्हणणे असे की ही सहल ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूतच इतिहासाला धरून नाही. गोव्याचा निम्मा इतिहास दख्खनच्या पठारावर घडला आहे आणि त्यात बार्शी-सोलापूरच्या मुलखाचा थेट संबंध आहे.

३/
सुरुवात एका लोकप्रिय वाक्यापासून करावी लागते : ‘गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते.’ मार्गदर्शक हे वाक्य म्हणतो, पुस्तिका छापते आणि पर्यटक ते घरी घेऊन येतो. हे वाक्य गोव्याच्या एका लहान भागापुरतेच खरे आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी (आजचा मुरगाव तालुका त्यातच येई) हे प्रदेश १५१० ते १५४३ या काळात पोर्तुगीजांकडे गेले. त्यांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. आजच्या गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी हा भाग जेमतेम पाव हिस्सा भरतो.

४/
उरलेला पाऊण गोवा, म्हणजे फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि काणकोण, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७६३ पासून टप्प्याटप्प्याने पोर्तुगीजांच्या हाती आला. या ‘नव्या काबिजादी’. तेथे पोर्तुगीज अंमल दोनशे वर्षेही टिकला नाही. त्याआधी हा मुलूख बहमनी, आदिलशाही, मराठे, सौंदेकर आणि सावंतवाडीकर यांच्या राजकारणाचा भाग होता. पर्यटकांना प्रिय असलेले प्रसिद्ध किनारे बहुतांशी जुन्या काबिजादीत आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरून जो गोवा दिसतो तोच संपूर्ण गोवा वाटू लागतो.

५/
आता पठाराकडे वळू. बार्शीजवळ परांड्याचा भुईकोट किल्ला आहे. त्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याला दिले जाते. याच महमूद गावानने १४७२ मध्ये विजयनगरच्या अमलाखालील गोवे जिंकून बहमनी राज्याला जोडले. त्यामागे कारण होते व्यापाराचे. अरबस्तानातून येणारे घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि दख्खनच्या सर्व सत्तांचे घोडदळ त्यांवर अवलंबून असे. ज्याच्याकडे बंदर, त्याच्याकडे घोडे. गोव्याच्या धक्क्यावर उतरलेला घोडा घाट चढून याच पठारावरच्या लढायांत धावत असे.

६/
बहमनी राज्य फुटल्यावर गोवे विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने ते प्रथम घेतले, काही महिन्यांत गमावले आणि २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. आपला हापूस आंबा आपले नाव याच ‘अफोन्सो’ नावावरून मिरवतो. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ एक एकाकी दगडी दार उभे आहे. आदिलशहाच्या वाड्याचा तेवढाच अवशेष उरला आहे. चर्चकडे जाणारे लोक त्याच्याजवळून निघून जातात. विजापूरशी शतकभर बांधल्या गेलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या माणसाने तरी तेथे पाच मिनिटे थांबायला हवे.

७/
१५६० च्या दशकात जुन्या काबिजादीत देवळे पाडण्याची मोहीम तीव्र झाली. गावकऱ्यांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपार नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज ज्या देवळांना भाविक ‘गोव्याची प्राचीन देवस्थाने’ म्हणून भेट देतात ती वस्तुतः निर्वासित देवतांची नवी घरे आहेत. ही सारी घरे फोंड्याच्या परिसरातच का आली, हा प्रश्न मात्र दर्शनाच्या रांगेत क्वचितच विचारला जातो.

८/
उत्तर साधे आहे : फोंडा तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, आदिलशहाचा होता. ख्रिस्ती राजसत्तेच्या जाचातून सुटलेल्या हिंदू देवतांना एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा मिळाला. धर्माच्या दोन रंगांत इतिहास रंगवू पाहणाऱ्यांना हे तथ्य अडचणीचे वाटते. पण ते तथ्य आहे. याच दशकात अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला विजापूरला मिळाला. ज्या राजाच्या अमलात मंगेश प्रियोळला स्थिरावला त्याच राजाचे निशाण सोलापूरच्या किल्ल्यावर लागले.

९/
पुढे १५७० मध्ये याच अली आदिलशहाने मोठ्या फौजेनिशी गोव्याला वेढा घातला. त्याच वेळी अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने कोकणातील चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढले आणि कालिकतचा सामुरी मलबारात उतरला. तालिकोटच्या लढाईनंतर पाचच वर्षांनी दख्खनच्या सत्तांनी समुद्राकडे मोर्चा वळवला होता. सोलापूर आदिलशाहीत आणि परांडा निजामशाहीत, म्हणजे बार्शीच्या दोन्ही बाजूंचे किल्ले त्या वर्षी एकाच शत्रूविरुद्ध उभे होते. कित्येक महिने चाललेले हे वेढे गोवा आणि चौल या दोन्ही ठिकाणी अपयशी ठरले. आरमार नसलेल्या सत्तेला बंदर जिंकता येत नाही, हा त्यातला धडा होता.

१०/
तो धडा पुढे शिवाजी महाराजांनी ओळखला. गोव्याच्या संदर्भात त्यांची एक खूण प्रत्यक्ष पाहता येते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर तो डिचोलीतील नार्वे येथे आणला गेला होता. १६६८ मध्ये महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला आणि तसा शिलालेख तेथे आहे. १६७५ मध्ये त्यांनी फोंड्याचा किल्ला घेतला. ज्यांच्या घरी रायगडाचे चित्र आहे अशा किती सहली नार्व्याकडे वळतात?

११/
१६८३ मध्ये विजरई कोंद द आल्व्होर फोंड्यावर चालून आला आणि संभाजी महाराजांनी त्याला मागे रेटले. नोव्हेंबरात मराठ्यांनी राजधानीजवळचे जुवे बेट घेतले. विजरईने आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापुढे ठेवून त्यालाच रक्षणाची विनवणी केली. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, याच विजरईने स्थानिक भाषेच्या जागी पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करणारा हुकूम काढला. ‘बॉम जीझस’मधील शवपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला हा प्रसंग माहीत असेल तर त्याला तेथे अधिक काही दिसेल.

१२/
कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले. छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने ते उभे राहिले. म्हणजे फोंड्याच्या देवळामागे साताऱ्याचा दरबार उभा आहे. घुमट, दीपस्तंभ आणि उतरत्या कौलांचे छप्पर यांच्या मिश्रणाकडे पाहताना दख्खनी, मराठा आणि युरोपीय या तिन्ही शैली एका अंगणात दिसतात. बार्शीच्या भगवंत मंदिराच्या हेमाडपंती दगडी बांधणीशी ज्याची नजर परिचित आहे त्याला हा फरक चटकन जाणवेल. तो का पडला, हे विचारणे हीच खरी सहल.

१३/
चर्चबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. जुन्या गोव्यातील वास्तूंना युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरविले. त्यांची रचना युरोपीय होती, पण हात येथल्या कारागिरांचे होते आणि मुख्य दगड येथला जांभा होता. १५५६ मध्ये गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. याच स्टीफन्सने कोकणीचे व्याकरणही लिहिले. मराठी साहित्याच्या इतिहासातील एक थोर प्रकरण साष्टीत लिहिले गेले, हे मराठीच्या किती विद्यार्थ्यांना जुन्या गोव्यात आठवते?

१४/
याच शहरात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधल्या अल्प खंडासह ते १८१२ पर्यंत चालले. तो जुलूम झाकण्याचे कारण नाही. पण त्याचा ठपका आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसावर ठेवणे हा दुसरा अन्याय आहे. १७८७ चा पिंटोंचा कट पोर्तुगीजांविरुद्ध रचला तो गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरूंनी. ‘गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हेही ख्रिस्ती कुटुंबातलेच. सत्तरीत दीपाजी राणे यांनी १८५२ मध्ये बंड पुकारले. चर्चमधला आणि देवळातला गोमंतकीय, दोघेही या लढ्यात आहेत.

१५/
वसाहत म्हटले की गोवा आठवतो, बार्शी आठवत नाही. ही आणखी एक चूक. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अडीच फुटी अरुंद रुळांवर धावू लागली. तिकडे वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने मुरगाव बंदर १८८८ मध्येच कॅसलरॉकपर्यंत घाटावर जोडले होते आणि तीही इंग्रज कंपनीनेच बांधली. बार्शीच्या रुळांना १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. मिरजेहून मीटरगेजने लोंढा, तेथून कॅसलरॉक आणि खाली मुरगाव. बार्शी आणि गोव्याचे बंदर लोखंडी रुळांनी जोडले गेले ते असे. दोन साम्राज्यांच्या या रेल्वेमार्गांचा हेतू सारखाच होता : आतल्या मुलखाचा माल बंदराकडे ओढणे.

१६/
सोलापूरकरांना परक्या सत्तेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. या चौघांची नावे जिल्ह्यातील मुलांना शाळेतच कळतात. पण ज्यांनी गोव्याच्या सरहद्दीवर गोळ्या झेलल्या त्यांची नावे सोलापूरच्या मुलांनाही ठाऊक नसतात आणि गोव्याला गेलेल्या पर्यटकांनाही.

१७/
१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. त्याच वर्षी कुन्हांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५५ मध्ये पुण्याहून निघालेल्या सत्याग्रही तुकड्यांनी सरहद्द ओलांडली. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधू लिमये हे त्यांतले काही. गोरे आणि लिमये यांना दीर्घ शिक्षा झाल्या आणि १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. ते ज्या आग्वादच्या तुरुंगात होते तेथे आज संग्रहालय आहे. शेजारच्या सिकेरीच्या किनाऱ्यावर गर्दी मावत नाही.

१८/
१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. पत्रादेवीच्या नाक्यावर मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे असताना त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातील तरुण शिक्षक कर्नेलसिंग पुढे सरसावले आणि तेथेच हुतात्मा झाले. या माणसांना गोव्यात घर नव्हते, जमीन नव्हती. त्यांनी गोव्याचा समुद्रही पाहिला नव्हता.

१९/
बार्शीहून पंढरपूर, मिरज, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, बांदा या मार्गाने जाणारी गाडी पत्रादेवीवरूनच गोव्यात प्रवेश करते. तेथे हुतात्मा स्मारक आहे. रात्रभराच्या प्रवासाने पेंगुळलेल्या गाडीला ते दिसत नाही. परतीच्या वाटेवर हाच टापू आठवतो तो पुढच्या तपासणी नाक्यावर पिशव्या उघडल्या जातील या धास्तीने. ज्या सीमारेषेवर माणसे मेली ती पर्यटकाच्या लेखी बाटल्यांची सीमारेषा झाली आहे. यात कायदा मोडत नसेल, पण काहीतरी हरवले आहे हे मान्य करावे लागते.

२०/
१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्यापुढे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा शरण आला. महाराष्ट्रातील प्रवाशाने त्यानंतरची एक तारीखही जाणून घ्यावी : १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. गोव्यात हिंदू बहुसंख्य असल्याने हा कौल एका धर्माचा होता असे म्हणता येत नाही. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, शासकीय व्यवहारात मराठीलाही स्थान मिळाले आणि ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

२१/
याचा अर्थ असा की दख्खनशी असलेले गोव्याचे नाते मालकीचे नाही. वर मांडलेला इतिहास वाचून कोणी ‘म्हणजे गोवा आपलाच’ असे म्हणू लागला तर त्याने तो चुकीचा वाचला. गोव्याने मराठी पोथ्या वाचल्या, मराठी नाटके केली, मराठीत कीर्तने ऐकली आणि तरीही आपले वेगळे घर राखायचे ठरवले. नातेवाइकाच्या घरी जाताना माणूस जसा वागतो तसे मराठी प्रवाशाने गोव्यात वागावे. घर आपले नाही, पण त्या घरातली जुनी छायाचित्रे ओळखीची आहेत.

२२/
एक आक्षेप येईल : माणसे विश्रांतीसाठी जातात, त्यांच्या डोक्यावर सनावळ्या कशाला? आक्षेप रास्त आहे. बार्शी अवर्षणप्रवण पट्ट्यातले गाव. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांची वाट पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला समुद्रापुढे निवांत बसण्याचा पुरेपूर हक्क आहे. किनाऱ्याला येथे विरोध नाहीच. तीन दिवसांच्या सहलीतील एक दिवस वेगळ्या क्रमाने घालवावा, इतकीच अपेक्षा आहे. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही, गाडी तीच असते.

२३/
तो दिवस असा आखता येईल. सकाळी पत्रादेवीला दहा मिनिटे थांबावे आणि स्मारकावरील नावे मोठ्याने वाचावीत. तेथून डिचोलीतील नार्व्याचा सप्तकोटेश्वर. मग फोंड्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हा देव मूळचा कुठला?’ हा एक प्रश्न. दुपारी जुन्या गोव्यात आधी आदिलशहाच्या वाड्याचे दार पाहावे आणि त्यानंतर चर्च. उन्हे कलताना आग्वादचा तुरुंग. त्याच्या भिंतीबाहेर समुद्र आहेच. आदल्या दिवशी परांड्याचा किल्ला पाहून ठेवला असेल तर सलग कथा हाती लागते.

२४/
बार्शीतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि तरुण इतिहासप्रेमींच्या गटांनी ही जबाबदारी घ्यावी. सहलीच्या परवानगीच्या अर्जावर ‘शैक्षणिक’ असा शब्द लिहिला जातो, तो खरा करून दाखवणे त्यांच्या हाती आहे. दोन पानांची एक टिपणी गाडीत वाटली तरी पुरे. येत्या डिसेंबरात गाड्या सुटतीलच. त्यांपैकी एक जरी पहाटे पत्रादेवीला थांबली आणि पन्नास मुले खाली उतरली, तरी या थ्रेडचे काम झाले.